डिस्क दिसत नसेल तर: कंट्रोलरपासून ड्राइव्हपर्यंतची साखळी कशी तपासावी

गेल्या पावसाळ्यात भाचा लॅपटॉप घेऊन घरी आला. विंडोज सुरूच होत नव्हतं, म्हणून त्याने पेनड्राइव्हवरून ते नव्याने टाकायला घेतलं होतं. 'विंडोज कुठे टाकायचं' असं विचारणाऱ्या पडद्यावर यादी कोरी. एकही ड्राइव्ह नाही. दुरुस्तीच्या दुकानात सांगितलं होतं की एसएसडी (आतली चिपवाली डिस्क) गेली, नवी टाका, आतलं विसरा. "मामा, तू एकदा बघ ना. कॉलेजचं सगळं यातच आहे."

मी लॅपटॉप बंद करून बायोस (विंडोजच्या आधी चालणारी, मदरबोर्डमधली व्यवस्था) उघडलं. एसएसडीचं मॉडेल आणि ५१२ जीबी हा आकडा तिथे ठळक दिसत होता. डिस्क जिवंत होती. विंडोजच्या इन्स्टॉलरकडे मधला एक ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्राम, नव्हता, एवढंच.

अशा घाईच्या निदानापायी धडधाकट डिस्क बाद होतात, आणि त्यासोबत माणसांचे फोटो, हिशोब, प्रबंध जातात. हे मला मनापासून लागतं. म्हणून विंडोज १० आणि ११ धरून, साखळी कुठे तुटली हे घरच्या घरी कसं शोधायचं ते इथे सविस्तर लिहितो.

आधी साखळी समजून घ्या

मदरबोर्डवर डिस्कची वाहतूक सांभाळणारी एक चिप असते, ती म्हणजे स्टोरेज कंट्रोलर. पीसीआय (मदरबोर्डवर उपकरणं जोडण्याची वाट) कार्डाच्या रूपात वेगळी बसवली तर तिलाच अडॅप्टर म्हणतात. एनव्हीएमई, म्हणजे थेट पीसीआयवर बोलणाऱ्या नव्या जातीच्या एसएसडीचा कंट्रोलर खुद्द एसएसडीवरच असतो. विंडोज सुरू होताना पहिल्यांदा पीसीआयचा ड्रायव्हर सगळ्या जागा चाचपून पाहतो आणि जे सापडेल त्याला विचारतो: तुझा उत्पादक कोण, तुझा क्रमांक काय, तू कुठल्या वर्गातला? उत्तर आकड्यांत येतं. उत्पादक ८०८६ म्हणजे इंटेल, १०२२ म्हणजे एएमडी. वर्ग ०१ म्हणजे साठवणूक. त्यात ०१०६ म्हणजे साटा (हार्ड डिस्क आणि जुन्या जातीच्या एसएसडींची जोडणी), ०१०८ म्हणजे एनव्हीएमई, ०१०४ म्हणजे रेड (अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत).

हे आकडे घेऊन विंडोज स्वतःकडच्या आयएनएफ फायली चाळतं. कुठल्या आकड्याला कुठला ड्रायव्हर, हे या फायलींत लिहिलेलं असतं. नेमक्या क्रमांकाचा ड्रायव्हर मिळाला तर त्याला पहिला मान, नाहीतर वर्गावरून जुळणारा सर्वसाधारण ड्रायव्हर. साटासाठी 'स्टोरएएचसीआय' विंडोज ८ पासून सोबत येतो, एनव्हीएमईसाठी 'स्टोरएनव्हीएमई' विंडोज ८.१ पासून.

हे दोघे एकट्याने काम करत नाहीत. रांगा लावणं, वीज वाचवणं, जोडणी-काढणी सांभाळणं ही सगळ्यांना लागणारी कामं 'स्टोरपोर्ट' नावाचा मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर करतो. तो विंडोज सर्व्हर २००३ सोबत आला. त्या-त्या चिपची खास भाषा जाणणारा छोटा ड्रायव्हर त्याला जोडलेला असतो, त्याला मिनीपोर्ट म्हणतात.

आता कंट्रोलर जागा झाला, पण त्याच्या पलीकडे कोण आहे हे अजून कुणालाच ठाऊक नाही. म्हणून स्टोरपोर्ट प्रत्येक पत्त्यावर हाक मारतो. पत्त्याचे तीन भाग असतात, बस, टार्गेट आणि लन. चाळ, मजला आणि खोली म्हणा ना. हाकेचं नाव 'इन्क्वायरी'. ही स्कझी या डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या काळातली आज्ञा आहे आणि स्कझीचं पहिलं प्रमाण १९८६ चं. उत्तरात उपकरणाचा प्रकार, ८ अक्षरांत उत्पादक, १६ अक्षरांत मॉडेल आणि ४ अक्षरांत आवृत्ती येते. साटा डिस्कला स्कझी येत नाही, एनव्हीएमईलाही येत नाही. मिनीपोर्ट मध्ये बसून दुभाष्याचं काम करतो. मला या रचनेतला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. इतक्या पिढ्या बदलल्या, तरी वर बसलेल्या ड्रायव्हरला खालचा बदल कळूही दिला नाही.

ज्या खोलीतून उत्तर आलं तिथे विंडोज एक नवं उपकरण नोंदवतं. त्यावर 'डिस्क' ड्रायव्हर बसतो, मग पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) वाचणारा, मग व्हॉल्यूम सांभाळणारा, आणि शेवटी फायली-फोल्डरांचा हिशोब ठेवणारं एनटीएफएस. 'सी' हे अक्षर दिसतं ते इतक्या सगळ्यांची ओळख पटल्यावर.

यातली एक कडी तुटली की परिणाम तोच: डिस्क दिसत नाही. म्हणून खालून वर तपासत जायचं.

पायरी १: बायोसला दिसते का?

संगणक सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबा (काही कंपन्यांची कळ वेगळी असते) आणि स्टोरेजची यादी पाहा. नाव दिसलं तर वीज, केबल आणि खाच ठीक आहे असं धरून पुढे चला.

नाव नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. डेस्कटॉपवर साटा केबल आणि पोर्ट बदलून पाहा. एम.२ खाचेबाबत (पट्टीसारखी एसएसडी बसते ती) खास सांगतो: एम.२ आकाराच्या एसएसडी दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या खाचेत साटाची पट्टी बसते, स्क्रूही लागतो, पण ती दिसत नाही. काही मदरबोर्डांवर एम.२ भरली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. दोन्ही गोष्टी मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेल्या असतात.

पायरी २: कोण कुणाला जोडलंय ते झाडावर पाहा

विंडोज चालू होत असेल तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. आपल्याला सवय असते ती प्रकारांनुसार लावलेल्या यादीची. वरच्या 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' निवडा. आता तीच उपकरणं जशी एकमेकांना जोडलेली आहेत तशी उलगडतात. पीसीआय एक्सप्रेस रूट कॉम्प्लेक्स, त्याखाली रूट पोर्ट, त्याखाली 'स्टँडर्ड एनव्हीएम एक्सप्रेस कंट्रोलर', आणि त्याच्या पोटात तुमच्या एसएसडीचं नाव.

डिस्कवर डबल क्लिक केलंत की 'जनरल' टॅबवर 'लोकेशन' समोर बस, टार्गेट आणि लनचे आकडे दिसतात. 'डिटेल्स' टॅबवर 'डिव्हाइस इन्स्टन्स पाथ' निवडून पाहा: अगदी नव्या एनव्हीएमई एसएसडीचा मार्गही 'स्कझी' या शब्दाने सुरू होतो. वर सांगितलेला दुभाषी तो हाच. लिनक्सवाल्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. तिथे साटा डिस्कची नावं 'एसडीए', 'एसडीबी' अशी येतात कारण त्याही स्कझीच्या थरातून जातात, एनव्हीएमईला मात्र लिनक्सने स्वतंत्र वाट दिली आहे.

झाडावर तीनपैकी एक चित्र दिसेल. कंट्रोलर आहे आणि खाली डिस्कही आहे, तर थेट पायरी ५ वर जा. कंट्रोलर आहे, पण खाली काहीच नाही, तर 'ॲक्शन' मेनूतून 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' करा; त्यामुळे हाक पुन्हा एकदा मारली जाते. आणि कंट्रोलरच पिवळ्या त्रिकोणासह उभा असेल तर पुढची पायरी तुमच्यासाठी.

पायरी ३: त्रिकोणामागचा कोड आणि क्रमांक वाचा

'जनरल' टॅबवर कोड असतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच टाकलेला नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. ४३ म्हणजे उपकरणानेच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं; यूएसबीवर हा पुष्कळदा भेटतो.

कोड २८ असेल तर 'डिटेल्स' टॅबवर 'हार्डवेअर आयडीज' निवडा आणि उत्पादक व उपकरणाचे चार-चार अक्षरी क्रमांक कागदावर उतरवून घ्या. या दोन क्रमांकांवरून लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर नेमका ड्रायव्हर शोधता येतो. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअर यासाठी वापरू नका. साठवणुकीचा चुकीचा ड्रायव्हर बसला तर संगणक सुरूच होत नाही, आणि मग काम दुप्पट.

पायरी ४: इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल तर

भाच्याचा लॅपटॉप या पायरीवर अडला होता. ११व्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते. ती चालू असली की एनव्हीएमई एसएसडी पीसीआयच्या एका आतल्या, वेगळ्या दालनात जाते. विंडोजचा पीसीआय ड्रायव्हर चाचपत येतो तेव्हा त्याला एसएसडी भेटत नाही, फक्त दारावरचा व्हीएमडी कंट्रोलर भेटतो, वर्ग ०१०४ सांगणारा. त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे असला तर तो आतलं दार उघडतो, नसला तर यादी कोरी.

दुसऱ्या संगणकावर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा 'इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' ड्रायव्हर उतरवा. इन्स्टॉलरला ईएक्सई फाइल चालत नाही. त्याला आयएनएफ, सिस आणि कॅट या फायली उघड्या लागतात, म्हणून पॅकेज उलगडून तो फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा. फोल्डरच्या नावात कधी 'एफ६ फ्लॉपी' असे शब्द दिसतील. विंडोज एक्सपी टाकताना एफ६ दाबून फ्लॉपीतून स्टोरेज ड्रायव्हर द्यावा लागे. फ्लॉपी गेली, नाव राहिलं.

आता कोऱ्या यादीच्या पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' दाबा, 'ब्राउज'ने तो फोल्डर दाखवा. जुळणारा ड्रायव्हर यादीत येईल. ११व्या पिढीच्या लॅपटॉपवर त्याच्या नावात '९ए०बी' हा क्रमांक असतो. निवडून 'नेक्स्ट' दाबा आणि काही सेकंद थांबा. पार्टिशनं एकेक करून उगवतात.

उगवली म्हणून लगेच पुढे जाऊ नका. जुना डेटा हवा असेल तर तो काढायची वेळ आत्ता आहे. शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा (काही लॅपटॉपवर एफएन कळही सोबत लागते). काळी खिडकी उघडेल. त्यात 'नोटपॅड' हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर करा. नोटपॅडच्या फाइल मेनूतून 'ओपन', आणि खाली फायलींचा प्रकार 'ऑल फाइल्स'. याच छोट्या खिडकीत आता डिस्कवरचे फोल्डर दिसतात. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात, तेव्हा 'युझर्स' फोल्डर कुठल्या अक्षरात आहे ते शोधा. हवा तो फोल्डर कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करा. प्रत होत असताना पडद्यावर काही हललं नाही तरी धीर धरा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर मात्र आधी रिकव्हरी की लागेल.

दुसरा मार्ग म्हणजे बायोसमध्ये जाऊन व्हीएमडीच बंद करणं. नवीन विंडोज कोऱ्या डिस्कवर टाकायचं असेल तर तो सोपा आहे. पण चालू विंडोज असलेल्या लॅपटॉपवर हे सरळ केलंत तर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत निळा पडदा येऊ शकतो, कारण सुरुवातीला लागणारा ड्रायव्हर आता वेगळा आहे आणि विंडोजने तो तयार ठेवलेला नाही. तिथे क्रम असा ठेवा: बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून घ्या, 'एमएसकॉन्फिग' उघडून 'बूट' टॅबवर 'सेफ बूट' आणि 'मिनिमल' निवडा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जाऊन बदल करा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग 'सेफ बूट'ची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, तेव्हा खात्याचा पासवर्ड हाताशी हवा. आणि दोन डिस्क मिळून खरोखरीचा रेड बांधलेला असेल तर या सेटिंगला अजिबात हात लावू नका.

पायरी ५: झाडावर आहे, पण 'धिस पीसी'त नाही

ड्रायव्हरांची साखळी इथपर्यंत शाबूत आहे. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. डिस्क 'ऑफलाइन' असेल तर राइट क्लिकने ऑनलाइन करा, अक्षर नसेल तर द्या. मात्र 'इनिशिअलाइझ' करायचं का, असं विंडोजने विचारलं आणि डिस्कमध्ये जुना डेटा असेल, तर 'कॅन्सल' करा. नवीकोरी डिस्क असेल तरच होकार द्या. 'फॉरमॅट करू का' या प्रश्नालाही तोच नियम.

यूएसबीची डिस्क असेल तर

इथे मध्ये आणखी एक दुभाषी असतो: डबीतली ब्रिज चिप, जी यूएसबीवरून आलेल्या स्कझी आज्ञा साटा किंवा एनव्हीएमईत बदलते. झाडावर यूएसबी रूट हबखाली पाहा. 'यूएसबी अटॅच्ड स्कझी' असं लिहिलेलं असेल तर एकाच वेळी अनेक आज्ञा रांगेत लावणारी नवी पद्धत चालू आहे. नुसतं 'मास स्टोरेज डिव्हाइस' असेल तर जुनी, एका वेळी एकच आज्ञा नेणारी.

चालता चालता डिस्क गायब होत असेल तर आधी विजेचा संशय घ्या. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतो, ३.० चा ९००. फिरती हार्ड डिस्क सुरू होताना जास्त ओढते. पुढच्या पॅनेलऐवजी मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात लावा, छोटी केबल वापरा. तरीही डिस्क दिसली नाही तर ती डबीतून काढून दुसऱ्या डबीत घालून पाहा; ब्रिज चिप मेलेली आणि आतली डिस्क ठणठणीत, असंही असतं.

भाच्याच्या फायली त्या रात्री नोटपॅडच्या खिडकीतून माझ्या हार्ड डिस्कवर उतरायला साडेतीन तास लागले. विंडोज दुसऱ्या दिवशी सकाळी टाकलं, त्याच एसएसडीवर. ड्रायव्हरचा तो फोल्डर त्याच्या पेनड्राइव्हवर अजून ठेवलेला आहे.