नेटवर्कच्या मजबुतीवर काम करायचंय? सुरुवात अशी करा

या विषयाकडे वळणारी मुलं मला हमखास विचारतात, आधी ग्राफ थिअरी (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित) पक्की करू की पर्कोलेशन (बिंदू किंवा रेषा काढत गेल्यावर जाळं कधी तुटतं याचा सिद्धांत)? दोन्ही चालू ठेवा, पण पहिल्याच आठवड्यात एक खरं नेटवर्क घ्या आणि स्वतःच्या हातांनी मोडून बघा.

त्यासाठी पायथन आणि त्यातली नेटवर्कएक्स ही लायब्ररी पुरे. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या वीजग्रिडचा डेटा सहज मिळतो: ४९४१ नोड (वीजकेंद्रं, सबस्टेशन असे बिंदू), ६५९४ लिंक (त्यांना जोडणाऱ्या लाईन). एकेक नोड काढत जा आणि सगळ्यांत मोठा सलग तुकडा केवढा उरतो ते मोजा. आधी कुठलेही नोड काढा, मग सर्वाधिक जोडण्यांचे. नंतर अल्बर्ट, जिओंग आणि बाराबासी यांचा २००० सालचा ‘नेचर’मधला पेपर वाचा. स्केल-फ्री नेटवर्क (ज्यात थोड्या नोडना खूप आणि बाकीच्यांना मोजक्याच जोडण्या असतात) अपघाती बिघाड पचवतं, पण हब, म्हणजे खूप जोडण्यांचे नोड, हेरून पाडले की विस्कटतं, हे त्यांचं म्हणणं तेव्हा डोक्यात पक्कं बसतं. मात्र दर नोड काढल्यानंतर डिग्री, म्हणजे प्रत्येक नोडच्या जोडण्यांची संख्या, नव्याने मोजा. या ग्रिडमध्ये सरासरी डिग्री तीनच्याही आत आहे, म्हणून बिटवीननेसही (इतर नोडमधले किती जवळचे मार्ग त्या नोडवरून जातात) मोजा. दोन-तीन जोडण्यांचं साधं सबस्टेशनच कधीकधी दोन मोठे भाग धरून असतं.

एवढ्यावर थांबू नका. ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. लाईनवर फॉल्ट नव्हता! जोडीचं सर्किट कामासाठी बंद होतं, भार चढत गेला आणि डिस्टन्स रिलेला (फॉल्ट ओळखून लाईन तोडणाऱ्या उपकरणाला) तो फॉल्टसारखाच दिसला. उत्तरेचं अख्खं ग्रिड बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड गेली. महाराष्ट्र पश्चिम ग्रिडवर, म्हणून आपल्याकडची वीज टिकली. तुमच्या नोड-लिंकच्या आलेखात मात्र ही एक लिंक काढली तर काही हलणारही नाही, कारण भार कुठे वळतो हे त्यात नसतंच. इथून पुढे मॉटर आणि लाय यांचं २००२ चं कॅस्केड मॉडेल (एका ठिकाणचा बिघाड भार वळल्याने पुढे कसा पसरतो ते दाखवणारं) करा, मग लोड फ्लो (कुठल्या लाईनमधून किती वीज वाहते याचं गणित) शिका. त्या घटनेचा चौकशी अहवालही वाचाच. मला तो कित्येक पेपरांपेक्षा जास्त शिकवून गेला.

हल्ल्याचं म्हणाल तर २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी तारांना हातही लावला नाही. वितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून त्यांनी ब्रेकर (वीज तोडणारे स्विच) उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. म्हणून प्रबंधाचा विषय ठरवताना गाइडना दोन गोष्टी आधीच विचारा: भाराचा डेटा मिळेल का, आणि ग्रिडला जोडलेलं संगणकांचं नेटवर्क अभ्यासात धरायचं का.