शॉर्टवेव्हवरून आणि अंतराळ स्थानकावरून मजकूर पाठवायचा तर

हॅम रेडिओवरून मजकूर पाठवण्याच्या पद्धती डझनभर आहेत. सुरुवातीला त्यातल्या दोनच घ्या: शॉर्टवेव्हवर जेएस८कॉल (संगणकावर टाइप करून गप्पा मारायचा प्रोग्रॅम) आणि उपग्रहासाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा एपीआरएस रिपीटर (मजकुराची छोटी पॅकेटं ऐकून पुन्हा प्रसारित करणारा). दोन्हींची सॉफ्टवेअर फुकट आहेत, आणि दोन्हींत वॉटेज वाढवून फारसं काही साधत नाही. काम अडतं ते घड्याळ, आवाजाची पातळी आणि केबल या तीन ठिकाणी.

परवान्याचं आधी. प्रसारणासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा हौशी परवाना आणि कॉलसाइन (तुमच्या स्टेशनचं ओळखनाव) लागतोच. संदेश उघड भाषेत हवा, गुप्त लिपी किंवा एन्क्रिप्शन चालत नाही. धंद्याचे निरोपही नाहीत. बँड आणि पॉवर तुमच्या परवान्याच्या श्रेणीप्रमाणे.

चाळीस मीटरचा डायपोल

जेएस८कॉलची ४० मीटर बँडवरची नेहमीची जागा ७.०७८ मेगाहर्ट्झ, २० मीटरवर १४.०७८. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बोलायचं तर ४० मीटर. डायपोल म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तार; तिच्या एकूण लांबीचं सूत्र १४३ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे २०.२ मीटर, प्रत्येक बाजूला १०.१. तार १०.३ मीटर कापून सुरुवात करा आणि टोकं थोडी थोडी छाटत आणा. दोन्ही बाजूंनी ५ सेंटीमीटर कमी केलं की रेझोनन्स (तार नेमकी जुळते ती वारंवारता) साधारण ३५ किलोहर्ट्झ वर सरकतो. प्लास्टिकचं आवरण असलेली तार थोडी आखूड लागते, आणि गच्चीच्या स्लॅबमधल्या सळ्या रेझोनन्स खाली ओढतात. म्हणून कागदावरच्या मापावर विसंबू नका, एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा) लावूनच कापा. ७.०८ला एसडब्ल्यूआर दीडच्या आत आला की थांबा.

मधला खांब गच्चीपासून ६ ते ८ मीटर, दोन्ही टोकं उतरती. एवढ्या कमी उंचीवर लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात आणि आयनोस्फिअरवरून परत खाली येतात. दिवसा शेजारच्या जिल्ह्यापासून पाच-सहाशे किलोमीटरपर्यंत पोचायला नेमकं हेच हवं असतं. रात्री उशिरा आणि पहाटे आयनोस्फिअर पातळ झाला की जवळची स्टेशनं गायब होतात आणि दूरची येतात. ही अँटेनातली बिघाडाची खूण नव्हे, खांबावर चढू नका. टोकांवर व्होल्टेज मोठं असतं, तेव्हा ती हात पोचणार नाही अशी बांधा. मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की कोॲक्स (अँटेनाची केबल) रिगपासून, म्हणजे रेडिओ संचापासून, काढून ठेवायची सवय लावा.

फीड पॉइंटला, म्हणजे केबल तारेला जोडते तिथे, कोॲक्सचे १० ते १२ वेढे एफटी२४०-४३ फेराइट रिंगवर घाला. हे टाळलं तर प्रसारण सुरू होताच माउस अडकतो, यूएसबी साउंड कार्ड गळतं, कधी प्रसारण बंदच होत नाही. कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून रेडिओ लहर थेट लॅपटॉपपर्यंत आलेली असते.

रिग आणि संगणक यांच्यामध्ये

आयकॉम आयसी-७३००सारख्या रिगमध्ये साउंड कार्ड आतच असतं, एक यूएसबी केबल पुरते. जुन्या रिगला आणि हैदराबादच्या अशर फरहान यांच्या मायक्रोबिटएक्ससारख्या किटला बाहेरचं स्वस्त यूएसबी साउंड कार्ड जोडा. येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही ऑडिओ तारांत ६०० ओम ते ६०० ओमचा एकेक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला, नाहीतर चार्जरची घरघर सिग्नलबरोबर प्रसारित होते. पीटीटीसाठी (रिगला प्रसारणावर टाकणारा स्विच) यूएसबी-सीरियल अडॅप्टरची आरटीएस पिन, १ किलोओमचा रेझिस्टर आणि २एन२२२२ ट्रान्झिस्टर पुरेसा आहे. ट्रान्झिस्टरऐवजी ऑप्टोकपलर घातलात तर रिग आणि संगणकाचं ग्राउंडही वेगळं राहतं.

रिगवर अप्पर साइडबँड लावा. ४० मीटरवर बोलताना लोअर साइडबँड वापरतात, त्यामुळे इथे हमखास चूक होते. लोअरवर असाल तर वॉटरफॉलवर (स्क्रीनवरच्या सिग्नलांच्या पट्ट्यावर) रेघा दिसतात पण एकही अक्षर उलगडत नाही. कॉम्प्रेसर, नॉइज ब्लँकर, नॉइज रिडक्शन सगळं बंद. फिल्टर ३ किलोहर्ट्झ. विंडोजचे टिंगटिंग आवाज दुसऱ्या स्पीकरवर वळवा, नाहीतर बॅटरी संपत आल्याची सूचना तुमच्या कॉलसाइनखाली हवेत जाते. साउंड कार्डच्या माइकची ‘सुधारणा’ आणि आपोआप आवाज वाढवण्याची सोय बंद करा. रिकाम्या बँडवर सॉफ्टवेअरचा मीटर ३० डेसिबलच्या आसपास दिसला की आवक ठीक.

जावक लावताना ऑडिओ शून्यापासून वाढवत न्या. एएलसीची (जावक जास्त झाली की रिग ती दाबतो, त्याची) सुई हलायला लागली की थोडं मागे या. पुढे रेटलंत तर तुमची एक बारीक रेघ शेजारी तीन-चार भुतं घेऊन फिरते. १०० वॉटच्या रिगवर २० ते ३० वॉट ठेवा. प्रत्येक १५ सेकंदांतले १२.६४ सेकंद पूर्ण ताकदीचा सिग्नल चालू असतो, बोलण्यात असतात तशा फटी त्यात नसतात. शंभरवर ठेवली तर आउटपुट ट्रान्झिस्टर तापतात. ऑडिओ ऑफसेट (वॉटरफॉलवरची तुमची जागा) १५०० ते २००० हर्ट्झमध्ये निवडा, म्हणजे ऑडिओची दुप्पट वारंवारता फिल्टरच्या बाहेर पडते. ५०० ते १००० हर्ट्झचा भाग हार्टबीटसाठी, म्हणजे ‘मी इथे आहे’ अशा छोट्या हाकांसाठी, मोकळा सोडायचा असतो.

आता घड्याळ. चूक दोन सेकंदांच्या आत हवी, अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर उत्तम. भारतीय वेळ की यूटीसी यानं फरक पडत नाही, साडेपाच तासांना १५ सेकंदांनी पूर्ण भाग जातो. लॉगमध्ये मात्र यूटीसी लिहा. विंडोज आपलं घड्याळ क्वचितच जुळवतं, म्हणून इंटरनेटवरून वेळ जुळवणारा एनटीपीचा वेगळा प्रोग्रॅम बसवा. इंटरनेट नसेल तिथे यूएसबी जीपीएस. वेळेच्या रकान्यात सगळ्याच स्टेशनांपुढे अधिक दीड सेकंद दिसत असेल तर सगळं जग चुकलेलं नाही, तुमचं घड्याळ चुकलंय.

जेएस८कॉलवर थेट जाण्याआधी त्याच तारांवर एफटी८ (ठरावीक छोट्या संदेशांची लोकप्रिय पद्धत) ऐका, ७.०७४ वर. जेएस८ ही एफटी८च्याच मॉड्युलेशनवर उभी आहे. एफटी८ बँडवर जवळजवळ सतत गर्दी असते, जेएस८ मात्र आपल्याकडे तासन्‌तास शांत राहू शकतं. एफटी८ उलगडतंय म्हणजे अँटेनापासून घड्याळापर्यंत सगळं बरोबर आहे. मगच जेएस८मधल्या शांततेचा अर्थ ‘आत्ता कोणी नाही’ असा घ्यायचा.

टाइप करताना

सेटिंगमध्ये कॉलसाइन आणि ग्रिड (नकाशावरच्या तुमच्या चौकोनाचा संकेत) भरा. पुणे आणि दक्षिण मुंबई एमके६८, उत्तर मुंबई एमके६९, कोल्हापूर एमके७६, पणजी एमके६५, नागपूर एमएल९१. अक्षरं अर्थात रोमन.

चार वेग आहेत: ३० सेकंदांचा स्लो, १५चा नॉर्मल, १०चा फास्ट आणि ६चा टर्बो. नॉर्मल गोंगाटाच्या २४ डेसिबल खालपर्यंत वाचतो, स्लो २८, टर्बो फक्त १८. सुरुवात नॉर्मलवर. मिनिटाला साधारण १६ शब्द हे प्रमाण मात्र इंग्रजीचं. पाठवताना शब्द आकुंचित करणारा शब्दकोश इंग्रजी आहे. ‘उद्या सकाळी येतो’ रोमनमध्ये लिहिलं की शब्द कोशात सापडत नाहीत, अक्षर अक्षर जातं आणि फ्रेम (एका वेळी जाणारे तुकडे) वाढतात. देवनागरी तर विसराच. मराठी मंडळींनी आपसांत छोटे ठरावीक संकेत वापरायचा मोह टाळावा, तो उघड भाषेच्या नियमात बसत नाही. वाक्य छोटं करा, एवढंच.

नेहमीच्या आज्ञा थोड्या आहेत. समोरच्याच्या कॉलसाइनपुढे ‘एसएनआर?’ लिहिलं की त्याचा संगणक, ऑटो चालू असेल तर, तुमचा सिग्नल किती आला ते आपणहून सांगतो. ‘हिअरिंग?’नं तो कोणाला ऐकतोय ते कळतं. खरी गंमत रिलेची: मधल्या स्टेशनचा कॉलसाइन, मग ‘पेक्षा मोठे’ची खूण, मग शेवटच्याचा कॉलसाइन आणि मजकूर. तुम्हाला थेट न ऐकू येणारा माणूस मधल्याच्या खांद्यावरून गाठता येतो. शेवटचा माणूस जागेवर नसेल तर ‘एमएसजी टू:’ लिहून मधल्याकडे ठेव ठेवायची. नंतर शेवटचा माणूस मधल्याला ‘क्वेरी एमएसजीएस’ विचारून ती उचलतो. रिले म्हणजे तोच मजकूर दोनदा हवेत जाणं, तेव्हा वेळही दुप्पट धरा.

काहीच उलगडत नसेल तर याच क्रमानं बघा: साइडबँड, घड्याळ, निवडलेलं साउंड कार्ड, आवक पातळी. विंडोज अपडेटनंतर साउंड कार्डाचं नाव बदलतं, हे कायम विसरलं जातं. गोंगाट जास्त असेल तर रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच बंद करून बघा. गोंगाट गेला तर दोषी घरातच आहे: एलईडी दिवा, राउटरचा अडॅप्टर, लॅपटॉपचा चार्जर. राहिला तर सोसायटीची लिफ्ट किंवा शेजारचा सोलर इन्व्हर्टर. तिथे उपाय कमी आणि गोड बोलणं जास्त लागतं.

अंतराळ स्थानकावरून

स्थानकावरचा पॅकेट रिपीटर १४५.८२५ मेगाहर्ट्झवर, १२०० बॉड, एफएम. येणं-जाणं एकाच वारंवारतेवर. त्याचा कॉलसाइन आरएस०आयएसएस. हाच रेडिओ कधी आवाजाच्या रिपीटरवर लावलेला असतो आणि स्पेसवॉक किंवा यान जोडणीच्या वेळी बंद ठेवतात, म्हणून बाहेर पडण्याआधी एआरआयएसएसच्या (स्थानकावरचा हौशी रेडिओ सांभाळणारी संस्था) पानावर आजची स्थिती बघा. याच वारंवारतेवर एप्रिल २०१९मध्ये पीएसएलव्ही-सी४५ रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर ॲमसॅट-इंडिया या हौशी संस्थेचा एपीआरएस रिपीटरही फिरला होता, म्हणजे एकदा केलेली जुळणी वाया जात नाही.

स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, साधारण ९२ मिनिटांत एक फेरी. डोक्यावरची फेरी फार तर दहा मिनिटांची. फेऱ्यांच्या वेळा सांगणाऱ्या जीप्रेडिक्ट किंवा लुक४सॅटमध्ये कक्षेची माहिती दर आठवड्याला ताजी करा आणि क्षितिजापासून ३० अंशांहून वर जाणारीच फेरी निवडा. खालच्या फेऱ्यांत इमारती आणि डोंगर मध्ये येतात, आणि अंतरही तिप्पट-चौपट होतं.

५ वॉटचा हँडसेट चालतो, त्याची रबरी अँटेना नाही. ४९ सेंटीमीटरची क्वार्टर वेव्ह आणि खाली चार रेडियल्स (बाजूंना पसरलेल्या तारा), किंवा हातात धरायची तीन एलिमेंटची यागी (एका दिशेला रोखायची अँटेना). यागी मनगटातून फिरवत राहा, सिग्नलचं ध्रुवीकरण फेरीभर बदलतं. हँडसेट नॅरोवर नव्हे, वाइड एफएमवर ठेवा. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) पूर्ण उघडा, बॅटरी सेव्हर बंद करा. या दोन्ही सोयी पॅकेटची सुरुवात गिळतात, आणि सुरुवात गेलेलं पॅकेट म्हणजे काहीच नाही.

स्थानकाच्या वेगामुळे (डॉपलर परिणाम) ते येताना सिग्नल सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर, जाताना तेवढाच खाली सरकतो. तीन मेमरी भरा: सुरुवातीला ऐकणं १४५.८२७५ आणि पाठवणं १४५.८२२५, मध्यावर दोन्ही १४५.८२५, शेवटी पहिल्याच्या उलट.

पॅकेट बनवायला आणि वाचायला लॅपटॉपवर डायरवुल्फ किंवा साउंडमोडेम, फोनवर एपीआरएसड्रॉइड. पाथच्या (पॅकेट कोणामार्फत जावं त्या) जागी फक्त ‘एआरआयएसएस’. जमिनीवर वापरतात तो वाइड१-१ इथे कामाचा नाही. टीएक्स डिले (प्रसारण सुरू झाल्यावर मजकुराआधी थांबायचा वेळ) ३०० मिलिसेकंद, व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप सुरू होणारं प्रसारण) पीटीटी चालवत असाल तर ५००. ऑडिओ चढा ठेवू नका: दुसऱ्या हँडसेटवर ऐकलं तर पॅकेटची खरखर बोलण्यापेक्षा किंचित हळू यायला हवी. चढ्या ऑडिओचं पॅकेट कानाला दणदणीत वाटतं आणि स्थानकाला अजिबात वाचता येत नाही. पहिल्या दोन फेऱ्या फक्त ऐका.

संदेशाची रचना काटेकोर आहे: कोलन (:), समोरच्याचा कॉलसाइन नेमक्या नऊ जागांत (उरलेल्या मोकळ्या), पुन्हा कोलन, मग मजकूर ६७ अक्षरांपर्यंत. ॲप वापरलंत तर तेच जागा भरतं. हातानं लिहिताना एक मोकळी जागा कमी पडली तर समोरच्या स्क्रीनवर संदेश उमटतच नाही. तुमचं पॅकेट परत ऐकू आलं आणि आरएस०आयएसएसपुढे तारका दिसली की ते वरून फिरून आलं. एका फेरीत तीन-चार वेळाच पाठवा, आपोआप जाणारे बीकन (तुमच्या जागेची घोषणा) बंद ठेवा. सगळ्यांसाठी एकच चॅनेल आहे.

दोघांनी मिळून करायचा प्रयोग: एक कोल्हापुरात, एक नागपुरात. जमिनीवरून अंतर सातशेएक किलोमीटर, तर स्थानकाचा टप्पा सभोवार सुमारे २,२०० किलोमीटर. दोघांनाही २० अंशांहून वर दिसेल अशी फेरी शोधा. सम मिनिटाला कोल्हापूर, विषम मिनिटाला नागपूर असं आधी ठरवा, नाहीतर दोघांची पॅकेटं वरती एकमेकांवर आदळतात. त्याच दुपारी ७.०७८ वर दोघांनी ‘एसएनआर?’ विचारा आणि दोन्हींचे आकडे लॉगमध्ये शेजारी शेजारी लिहा.