छापील पुस्तकांवर जीव असताना ई-रीडरवर कसं यायचं

ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं मशीन, घेतल्यावर बरेच पुस्तकवेडे पहिलं काम काय करतात, तर कपाटातलं सगळ्यात लाडकं पुस्तक, ज्याची पानं पिवळी पडलीयेत, ज्याच्या पहिल्या पानावर कुणीतरी चार ओळी लिहून दिल्यात, तेच पुन्हा ई-बुक म्हणून विकत घेतात आणि वाचायला बसतात. मग थोड्याच दिवसांत "नाही बुवा, आपल्याला नाही जमत हे" म्हणून मशीन ड्रॉवरमध्ये जातं. अहो पण त्या पुस्तकाशी तुमचं नातं कागदासकट आहे, तिथे कुठलंच मशीन पुरं पडणार नाही आणि पडायची गरजही नाहीये. काही पुस्तकं तिकडे न्यायची, काही मुळीच न्यायची नाहीत, आणि कुठली कुठे हे ठरवणं हेच यातलं खरं काम, बाकी सेटिंग्ज वगैरे तासाभरात उरकतात.

तर सुरुवातीला असं पुस्तक घ्या जे तुम्ही आधी वाचलेलं नाही, जे जाडजूड आहे, आणि जे वाचून झाल्यावर घरात असलंच पाहिजे असं तुम्हाला वाटत नाही. रहस्यकथा, थ्रिलर, किंवा ती सातशे-आठशे पानी कादंबरी जी आडवं पडून वाचली की मनगट भरून येतं. गोष्ट ओढून नेणारी हवी, म्हणजे वीस-पंचवीस पानांनंतर हातात काय धरलंय याकडे लक्षच जात नाही. कविता, ललित, थांबत थांबत वाचायचं असं काही सुरुवातीला नको. आणि एकच पुस्तक थोडं कागदावर थोडं ई-रीडरवर असंही नको, वाचनाऐवजी तुलनाच चालू राहते डोक्यात.

आता मशीन. फोनवर किंवा टॅबलेटवर वाचून ज्यांनी "स्क्रीनवर वाचन नको" असं ठरवलंय त्यांनी एकदा ई-रीडरमधला ई-इंकचा पडदा प्रत्यक्ष बघाच, कारण ती जातच वेगळी आहे. त्या पडद्यात साधारण केसाच्या जाडीच्या असंख्य कॅप्सूल असतात, प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण, एकांवर धन विद्युतभार आणि दुसऱ्यांवर ऋण, त्यामुळे खालून जसा करंट द्याल तसे पांढरे तरी वर येतात नाहीतर काळे. एकदा वर आले की ते तिथेच बसून राहतात, त्याला वीज लागत नाही, वीज लागते ती पान बदलताना, म्हणून तर चार्जिंग आठवडे-आठवडे पुरतं. पडदा स्वतः उजेड फेकत नाही, खोलीतला किंवा बाहेरचा उजेड त्याच्यावरून परावर्तित होतो आणि आपण वाचतो, अगदी कागदावर होतं तसंच. भर उन्हात फोन काळा ठिक्कर दिसतो तिथे हा उलट जास्त स्पष्ट दिसतो. रात्रीसाठी जी लाईट असते तीसुद्धा कडेच्या छोट्या एलईडींमधून पडद्याच्या पृष्ठभागावर पसरवलेली असते, फोनसारखी मागून डोळ्यांत येत नाही.

विकत घेताना तीन-चार गोष्टी बघा, बाकीच्या जाहिरातबाजीकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. 300 पीपीआयचा, म्हणजे एका इंचात 300 ठिपके असलेला पडदा हवा, त्याच्या खाली अक्षरांच्या कडा किंचित खरबरीत दिसतात आणि छपाईवर प्रेम करणाऱ्याला ते लगेच खटकतं. लाईटचा रंग पिवळसर करता यायला हवा. साईज 6 किंवा 7 इंच, गोष्टीची पुस्तकं वाचायला तेवढी भरपूर होते, वजन साधारण 160 ते 210 ग्रॅमच्या आसपास असतं. आणि पान उलटायला खरी बटणं असलेलं मॉडेल परवडत असेल तर तेच घ्या, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ज्याला पान उलटायची सवय आहे त्याच्या अंगठ्याला काहीतरी दाबल्याचं कळायला लागतं, काचेवर नुसता स्पर्श करून ते समाधान येत नाही, शिवाय चुकून बोट लागून तीन पानं पुढे गेली असंही होत नाही. रंगीत ई-इंकच्या मोहात मात्र पडू नका. कॅलिडो 3 या रंगीत पडद्यावर रंग फक्त 150 पीपीआयमध्ये दिसतो आणि वरच्या रंगांच्या फिल्टरमुळे पांढरा भाग थोडा राखाडी होतो. कॉमिक्ससाठी ठीक, पण तुम्हाला मजकूरच वाचायचाय तर साधा काळा-पांढराच उत्तम.

ॲमेझॉनचं किंडल घ्यायचं, कोबो कंपनीचं घ्यायचं की अँड्रॉइडवर चालणारं बूक्स घ्यायचं, हे मशीन बघून ठरवू नका, तुम्हाला हवी असलेली पुस्तकं कुठल्या दुकानात मिळतात ते आधी बघा. मागच्या वर्षभरात वाचलेल्या किंवा वाचायच्या राहिलेल्या दहा पुस्तकांची नावं एका कागदावर लिहा आणि किंडल, कोबो दोन्हींच्या दुकानांत सर्च करून पाहा, उत्तर आपोआप मिळतं. मराठी वाचणार असाल तर आणखी एक करा, सॅम्पल उतरवून जोडाक्षरं नीट बघा. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यातला ऱ्य बरोबर येतोय का, "ॲ" येतोय की त्या जागी चौकोन, ओळीच्या शेवटी शब्द भलतीकडे तुटतोय का. हे तीन नीट असेल तर पुस्तक बहुतेक व्यवस्थित बनवलेलं असतं. फॉन्ट आवडला नाही तर किंडल आणि कोबो दोन्हीवर आपला फॉन्ट टाकता येतो, केबलने कॉम्प्युटरला जोडून फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये फाईल कॉपी करायची, बस. तिरो देवनागरी मराठी किंवा नोटो सेरिफ देवनागरी फुकट मिळतात, छापील पुस्तकाच्या वळणाच्या जवळ जाणारे आहेत. पण एक लक्षात घ्या, जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो असतात, त्यात अक्षर मोठं केलं तरी ओळी नव्याने जुळत नाहीत, 6 इंचावर ते वाचणं म्हणजे छळ आहे. तुमचं वाचन मुख्यतः तेच असेल तर 10 इंचाचं मशीन घ्या नाहीतर ती पुस्तकं छापीलच वाचा.

मशीन हातात आलं की पुस्तक उघडायच्या आधी अर्धा तास सेटिंग्जमध्ये घालवा, याने खूप फरक पडतो. लॉक स्क्रीनवर चालू पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसेल असं करा, किंडलमध्ये डिस्प्ले कव्हर नावाने आहे ते. छापील पुस्तक दिवसभर टेबलावर पडलेलं असतं, येता-जाता दहा वेळा त्याचं नाव, लेखकाचं नाव डोळ्यांखालून जातं. ई-रीडरमध्ये पुस्तक उघडलं की थेट शेवटी वाचलेलं पान येतं, त्यामुळे अख्खं पुस्तक वाचून झाल्यावरही लेखकाचं नाव आठवत नाही असं होतं, ते या एका सेटिंगने बरंच कमी होतं. मग पॉप्युलर हायलाईट्स बंद करा, म्हणजे इतर लोकांनी कुठल्या ओळी अधोरेखित केल्यात ते तुमच्या पानावर दिसणार नाही, पुस्तक पहिल्यांदा वाचताना ते अजिबात नको. "चॅप्टर संपायला 7 मिनिटं" हेही बंद. घड्याळ लावून कुणी गोष्ट वाचतं का? त्या जागी पान नंबर ठेवा. पान नंबर काही पुस्तकांत नसतात कारण प्रकाशकाने छापील आवृत्तीशी जुळवून दिलेले नसतात, मग टक्केवारीवर भागवा. मार्जिन जरा रुंद, ओळींमधलं अंतर मध्यम, आणि अक्षर तुमच्या आवडत्या छापील पुस्तकाचं पान शेजारी धरून त्याच्याइतकंच करा. बहुतेक जण अक्षर गरजेपेक्षा मोठं ठेवतात आणि मग पानावर जेमतेम दोन परिच्छेद मावतात, सारखं पान उलटा, लय लागतच नाही.

यानंतर जी अडचण येते ती सगळ्यात खरी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. वासाबद्दल सगळे बोलतात, पण खरं हरवतं ते ठिकाण. कागदावर वाचलेली गोष्ट आपल्याला "डाव्या पानावर, खाली, पुस्तकाच्या साधारण मधोमध" अशी आठवते, डाव्या हातातला गठ्ठा वाढतो, उजव्या हातातला कमी होतो, आणि किती वाचलं किती उरलं हे बोटांनाच कळत असतं. ई-रीडरवर प्रत्येक पान त्याच जागी, त्याच जाडीचं. 2019 मध्ये आने मांगेन या नॉर्वेतल्या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, 50 जणांना एकच मोठी रहस्यकथा वाचायला दिली, अर्ध्यांना छापील आणि अर्ध्यांना किंडलवर. गोष्ट समजण्यात एकूण फार फरक पडला नाही, पण कुठली घटना कधी घडली, कशाच्या आधी काय झालं, हे छापील वाचणाऱ्यांनी जास्त बरोबर सांगितलं. म्हणजे तुम्हाला जे वाटतं ते नुसतं जुन्या सवयीचं हळवेपण नाहीये.

यावर उपाय आहेत, पूर्ण नाही पण पुष्कळसे. एक म्हणजे पुस्तक मध्यावर असताना अक्षराची साईज बदलू नका, बदलली की प्रत्येक वाक्याची पानावरची जागा हलते आणि उरलीसुरली ओळखही जाते. दुसरं, सुरू करण्याआधी अनुक्रमणिका उघडून सावकाश वाचा, किती प्रकरणं, किती भाग, शेवटी परिशिष्ट आहे का, कारण छापील पुस्तक हातात घेतल्यावर आपण नकळत चाळतोच, इथे ते मुद्दाम करावं लागतं. मागचं काही शोधायचं असेल तर एकेक पान मागे जात बसू नका, किंडलमध्ये पेज फ्लिप आहे, त्यात तुमची जागा धरून ठेवली जाते आणि पानं छोटी होऊन समोर येतात, चाळल्यासारखं वाटतं. नावावर सर्च मारला की ते पात्र पहिल्यांदा कुठे आलं तेही सापडतं, हे कागदावर कधीच जमलं नसतं. आणि पात्रं जास्त असतील, दोन-तीन पिढ्यांची गोष्ट असेल, तर प्रकरण संपल्यावर एका साध्या वहीत एक ओळ लिहा, काय झालं, कुणाचं कोण. हातानं लिहिल्याने क्रम पक्का बसतो.

अधोरेखित करणाऱ्यांसाठी ई-रीडर खरोखर चांगला आहे. कागदावर पेन लावायला ज्यांचा जीव होत नाही ते इथे बिनधास्त करू शकतात, आणि सगळ्या खुणा एका ठिकाणी जमा होतात, किंडलमध्ये माय क्लिपिंग्ज नावाची साधी टेक्स्ट फाईल असते, केबल लावून कॉपी करून घ्यायची. तळटीपांवर बोट ठेवलं की तिथेच उघडतात, पुस्तकाच्या मागे दोन बोटं अडकवून बसायला नको. अवघड शब्दावर बोट दाबून धरलं की डिक्शनरी. इंग्रजी पुस्तकं वाचताना याचा इतका उपयोग होतो की नंतर कागदावरच्या शब्दावरसुद्धा बोट दाबावंसं वाटतं.

मग छापील काय ठेवायचं? कविता आधी, कारण ओळ कुठे तुटते यातच अर्धी कविता असते आणि अक्षर मोठं केलं की ओळी भलतीकडे मोडतात. चित्रांची, नकाशांची, फोटोंची पुस्तकं. कोश आणि संदर्भग्रंथ, ज्यात इकडून तिकडे उड्या मारायच्या असतात. मुलांना मांडीवर घेऊन वाचायची पुस्तकं. आणि ज्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जाल अशी वाटतात ती. माझ्या मते ई-रीडरवर वाचलेलं एखादं पुस्तक मनात घर करून राहिलं तर ते छापील विकत घ्यावं, दोनदा पैसे गेले असं अजिबात वाटत नाही, उलट कपाटात निवडून आणलेलीच पुस्तकं येतात.

मालकीचा मुद्दा समजून घ्या मात्र. ई-बुक विकत घेतलं म्हणजे बहुतेक दुकानांत तुम्हाला ते वाचण्याचं लायसन्स मिळतं, पुस्तक तुमचं होत नाही. 2009 मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे काही विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परत काढून घेतली होती, पैसे परत दिले पण पुस्तक गेलं. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपलं ई-बुकचं दुकानच बंद केलं, तिथेही पैसे परत, पुस्तकं गायब. फेब्रुवारी 2025 पासून ॲमेझॉनने किंडलची विकत घेतलेली पुस्तकं वेबसाईटवरून कॉम्प्युटरवर उतरवून केबलने टाकायची सोयही काढून टाकली. म्हणून जिथे डीआरएम, म्हणजे कॉपी करू न देणारं डिजिटल कुलूप, नसलेली फाईल मिळते तिथे तीच घ्या आणि कॉम्प्युटरवर कॅलिबर हे फुकट सॉफ्टवेअर टाकून त्यात सगळी पुस्तकं लावून ठेवा, वर एक कॉपी वेगळ्या ड्राईव्हवर. इपब हा ई-बुकच्या फाईलचा सर्वसाधारण प्रकार, ती फाईल कोबोवर सरळ चालते. किंडलला ती केबलने टाकलीत तर उघडत नाही, सेंड टू किंडल या ॲमेझॉनच्या सोयीने इंटरनेटवरून पाठवा, 2022 पासून ते इपब घेतं. हक्क संपलेली इंग्रजी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाईटवर हजारोंनी आहेत, तेही मोफत. पण एकदम दोनशे उतरवू नका, लिस्ट बघूनच थकायला होतं, चालू असलेल्या दोन-तीन पुस्तकांचं वेगळं कलेक्शन करा आणि बाकीची नजरेआड ठेवा.

शेवटचं, कव्हर पहिल्या दिवशीच घ्या. बऱ्याच ई-इंक पडद्यांच्या आत पातळ काच असते, वरून ओरखडा नसतानाही बॅगेत दाब पडून ती आतून तडकते आणि पडद्यावर कायमच्या रेघा येतात, आणि पडदा बदलायचा खर्च नवीन मशीनच्या जवळपास जातो. जाड पुस्तकांच्या खाली ठेवू नका, उशीखाली तर मुळीच नको, आणि बॅगेत टाकताना लॅपटॉपच्या सपाट बाजूला लावून उभं ठेवा.