चिऱ्याचं घर, दोन राउटर आणि एकच नेटवर्क

मामाचं घर राजापूर तालुक्यात, चिऱ्याचं. भिंती एवढ्या जाड की ओटीवर बसवलेल्या फायबरच्या डब्याचं वायफाय माजघरात येईपर्यंत एक काडी उरते आणि मागच्या खोलीत तर काहीच नाही. मामेभाऊ वर्क फ्रॉम होमसाठी पुण्याहून तिकडे राहायला आला आणि त्याच्या वाट्याला नेमकी तीच मागची खोली आली. तिथेच मामाचा जुना डेस्कटॉप आहे ज्याला वायफायच नाही, प्रिंटर माजघरात आणि टीव्ही ओटीवर. सगळ्यांना नेट तर हवंच होतं, शिवाय फोनवरून प्रिंट देता यावी आणि डेस्कटॉपवरचे लग्नाचे व्हिडिओ टीव्हीवर दिसावेत असंही होतं. म्हणजे वायरवाले आणि वायफायवाले सगळे एकाच नेटवर्कवर पाहिजेत. घरात पडून असलेल्या जुन्या राउटरवर हे काम झालं, म्हणून नीट लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्याच्यावरच चालतं. घरात पत्ते वाटणारा एकच पाहिजे. नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, प्रिंटरला एक आयपी नंबर लागतो आणि तो देण्याचं काम मेन राउटर, म्हणजे ओटीवरचा फायबरचा डबा, करतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. दुसरा राउटर जसाच्या तसा जोडला की तोही आपल्या मनाने पत्ते वाटायला लागतो, मग कुणाला याचा नंबर मिळतो कुणाला त्याचा, आणि अर्ध्या घरात नेट चालतं अर्ध्या घरात नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच झालं आणि मामी म्हणाली, 'अरे आधी निदान ओटीवर तरी चालत होतं!' तर दुसऱ्या राउटरने पत्ते वाटायचे नाहीत, फक्त वायर आणि वायफाय यांच्यामधला पूल व्हायचं.

आता पूल दोन बाजूंनी बांधता येतो. एक म्हणजे मेन राउटरपासून वायर ओढायची आणि पलीकडे दुसऱ्या राउटरने वायफाय सोडायचं. दुसरं म्हणजे हवेतून वायफाय घ्यायचं आणि पलीकडे वायरने डेस्कटॉपला द्यायचं. माझं स्पष्ट मत आहे की वायर ओढणं शक्य असेल तर पहिलाच रस्ता धरा, एकदा भोक पाडायचा त्रास आहे पण नंतर वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

पहिल्या रस्त्याची कृती सांगतो. मेन राउटरचा पत्ता काय आहे ते आधी बघून घ्या, फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये गेटवे म्हणून दिसतो, बऱ्याच घरी १९२.१६८.१.१ असतो, जिओफायबरवाल्यांकडे १९२.१६८.२९.१. मग जुना राउटर चालू करून मागचं रिसेटचं बटण टाचणीने दहाएक सेकंद दाबून धरा म्हणजे जुनं सगळं पुसलं जातं. त्याला अजून मेन राउटरला जोडू नका, फक्त लॅपटॉप वायरने त्याच्या लॅन पोर्टला (घरातली उपकरणं वायरने जोडायची जी भोकं असतात त्यातलं एक) जोडा आणि खालच्या स्टिकरवर लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी त्याचं वायफायचं नाव आणि पासवर्ड टाका, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा त्याच्या पुढची ठेवा, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्डही बदला कारण जुन्या राउटरचा बहुतेक वेळा 'अ‍ॅडमिन' हाच असतो आणि तो सगळ्या जगाला माहीत असतो. मग लॅन सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता बदला. मेनचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, फक्त मेन राउटर जे नंबर वाटतो त्यात हा येत नाही ना ते बघा, नाहीतर उद्या तोच नंबर एखाद्या फोनला जाईल आणि दोघं भांडतील. सेव्ह केलं की पान बंद पडतं, घाबरू नका, राउटर आता नव्या पत्त्यावर गेलाय, तिथे परत लॉगिन करा. आणि आता सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. हे आधी केलंत तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही, १६९.२५४ ने सुरू होणारा कसलातरी नंबर दिसतो आणि राउटरचं पान उघडत नाही, मग लॅपटॉपला हाताने आयपी द्यावा लागतो.

आता वायर. मेन राउटरच्या लॅन पोर्टमधून निघालेली वायर दुसऱ्याच्याही लॅन पोर्टमध्येच घाला, बाहेरून येणाऱ्या नेटसाठी वेगळ्या रंगाचा जो वॅन पोर्ट असतो तो रिकामा सोडा. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. वॅनमध्ये घातली की दुसरा राउटर आपलं वेगळं नेटवर्क उभं करतो, नेट चालतं म्हणून वाटतं झालं काम, पण मागच्या खोलीतल्या डेस्कटॉपवरचे व्हिडिओ ओटीवरच्या टीव्हीला दिसतच नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल तर मात्र वरचं बरंचसं तो स्वतःच करतो, मग तोच निवडा. उरलेल्या लॅन पोर्टांमध्ये डेस्कटॉप, प्रिंटर काय हवं ते जोडा, सगळं मेन राउटरच्याच नेटवर्कवर येतं.

वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तोच ठेवला की फोन चालता चालता जवळचा राउटर पकडतो. कधीकधी लांबच्यालाच चिकटून बसतो, तेव्हा फोनचं वायफाय एकदा बंद-चालू करायचं. चॅनल, म्हणजे राउटर ज्या लहरीवर बोलतो तिचा नंबर, मात्र वेगळे ठेवा, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत, तर एकाला १ द्या दुसऱ्याला ६ किंवा ११.

वायरीबद्दल थोडं जास्त सांगतो कारण पैसे इथेच वाया जातात. कॅट फाइव्ह ई किंवा कॅट सिक्स घ्या आणि शुद्ध तांब्याचीच मागा. स्वस्तातली जी मिळते ती पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमची तार आणि वर तांब्याचा मुलामा अशी असते, वाकवली की आत तुटते. १०० मीटरपर्यंत चालते, घराला तेवढी लागतच नाही. लाइटच्या वायरीच्या पाइपातून नेऊ नका, आणि माळ्यावरून न्यायची असेल तर पीव्हीसी पाइपातूनच न्या, उंदीर सोडत नाहीत. कनेक्टर बसवताना आतल्या आठ तारांचा क्रम दोन्ही टोकांना तोच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एखादी तार नीट बसली नाही तर पुष्कळदा नेट बंद पडत नाही, नुसता स्पीड १०० एमबीपीएसवर येऊन थांबतो, कारण तेवढ्याला चारच तारा पुरतात आणि गिगाबिटला आठही लागतात. पण जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे असतील तर वायर कितीही भारी घ्या, स्पीड तेवढाच मिळणार, ते आधी बघा.

गोठा किंवा दुसरं घर असं अंगणापलीकडे न्यायचं असेल तर तांब्याची वायर उघड्यावरून ओढू नका. आपल्याकडे मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा कशा होतात ते सांगायला नको, जवळ कुठे पडली तरी त्या वायरीतून झटका येऊन दोन्हीकडचे डबे जातात. तिथे फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटवर्कची वायर यांना जोडणारा छोटा डबा) लावा, फायबरमधून वीज वाहत नाही.

आता दुसरा रस्ता, वायर ओढायला परवानगीच नाही, भाड्याचं घर आहे वगैरे. लॅपटॉपला वायफाय येतंय आणि शेजारच्या डेस्कटॉपला द्यायचंय, तर विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलमधल्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये जाऊन वायफाय आणि इथरनेट (म्हणजे वायरचं कनेक्शन) दोन्ही कीबोर्डवरचं कंट्रोल बटण दाबून निवडा, राइट क्लिक करा आणि 'ब्रिज कनेक्शन्स' म्हणा. आधी इंटरनेट शेअरिंग चालू असेल तर ते बंद करा. हे काही वायफाय कार्डांवर चालतं काहींवर नाही, आणि त्याचं कारण असं की लॅपटॉप मेन राउटरकडे स्वतःच्या नावाने नोंदलेला असतो, त्याच्या मागून डेस्कटॉपने आपल्या नावाने पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, पाठवलं तर राउटर म्हणतो हा कोण, माझ्या यादीत नाही, आणि ते टाकून देतो. त्याला दोन्ही नावं एकाच पाकिटावर लिहायची सोय लागते, राउटरांमध्ये ती डब्ल्यूडीएस नावाने असते. लिनक्सवाल्यांनाही हाच अडथळा येतो.

ब्रिज जमलाच नाही तर इंटरनेट शेअरिंग करा, डेस्कटॉपला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा नंबर मिळेल आणि नेट चालेल, पण ते वेगळं नेटवर्क आहे, टीव्ही-प्रिंटरची आशा सोडा. त्यापेक्षा जुन्या राउटरमध्ये क्लायंट, डब्ल्यूडीएस किंवा रिपीटर मोड आहे का बघा, तो वायफाय घेईल आणि लॅन पोर्टातून डेस्कटॉपला देईल, लॅपटॉप चालू ठेवायची गरज नाही. डब्ल्यूडीएस वापरणार असाल तर दोन्ही राउटर एकाच कंपनीचे असलेले बरे, आणि दोघांचं चॅनल इथे मात्र एकच लागतं. त्याच लहरीवर घ्यायचं आणि द्यायचं असल्याने स्पीड साधारण अर्धा होतो, हे धरूनच चला. रिपीटर ठेवायचा तोही जिथे सिग्नल चांगला आहे तिथे, मधे कुठेतरी, जिथे सिग्नल नाही तिथे ठेवून काय वाढवणार तो.

अजून एक, दोन राउटरांमध्ये दोन वायरी कधीही जोडू नका. आमच्याकडे भावाने मोकळं टोक दिसलं म्हणून रिकाम्या पोर्टात घातलं आणि क्षणात सगळ्यांचं नेट गेलं, सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले. एकच पाकीट गोल गोल फिरत राहतं म्हणून असं होतं, एक वायर काढली की लगेच सुधारतं. वायर आणि डब्ल्यूडीएस दोन्ही एकदम चालू ठेवलं तरी हाच प्रकार.

सगळं झालं की मागच्या खोलीत फोनचा गेटवे बघा, मेन राउटरचाच पत्ता दिसला पाहिजे, मग एक प्रिंट काढून बघा. दुसऱ्या राउटरवर त्याचा नवा पत्ता आणि पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून लावा, दोन वर्षांनी कुणाच्याच लक्षात नसतो. आणि गावाला लाइट जाते, तर फक्त ओटीवरचा डबा इन्व्हर्टरवर ठेवून उपयोग नाही, मागचाही ठेवा. राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवून घ्या, कुणाचा १२ व्होल्टचा असतो कुणाचा ९ चा. आम्ही दोन्हीकडे एकेक लावलाय.