क्रिएटिव्ह रायटिंगचं बीए करायचंय? मग आधी गप्प बसायची प्रॅक्टिस करा

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीचा नाहीतर मुलाचा फोन येतोच. ताई, क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये डिग्री असते का हो खरंच? आणि मागून आईचा आवाज, "नोकरी कसली मिळते ते विचार आधी." मी सांगलीची, इंग्लंडमधून हीच डिग्री करून आलेय, त्यामुळे तेच तेच सांगून घसा बसायच्या ऐवजी एकदा लिहूनच टाकते.

तर हो, असते. अमेरिकेत आयोवाला लेखनाची वर्कशॉप १९३६ साली सुरू झाली, इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया युनिव्हर्सिटीने १९७० साली एमए काढलं आणि त्याच्या बऱ्याच नंतर हे सगळं बीएपर्यंत झिरपत आलं. आता ब्रिटनमध्ये ढीगभर ठिकाणी हे बीए आहे. इंग्लंडमध्ये ३ वर्षं, वर्षाला १२० असे एकूण ३६० क्रेडिट्स, स्कॉटलंडमध्ये ४ वर्षं. कुठे नुसतं क्रिएटिव्ह रायटिंग असतं, कुठे इंग्लिश लिटरेचरसोबत जोडून. माझं मत विचाराल तर जोडून असलेलंच घ्या. नुसतं लिहायला बसवलं की दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत सगळे एकमेकांसारखं लिहायला लागतात, कारण वाचलेलं असतं फक्त एकमेकांचंच. सोबत लिटरेचर असलं की जुनंपानं, अवघड, कंटाळवाणं असं सगळं वाचावं लागतं आणि तेच पुढे उपयोगी पडतं.

ॲडमिशनचं पटकन सांगते. अर्ज यूकास नावाच्या एकाच पोर्टलवरून जातो, ५ पर्याय भरता येतात, मुख्य डेडलाइन जानेवारीत असते. आपलं एचएससी काही विद्यापीठं थेट घेतात, काहीजण आधी एक फाउंडेशन, म्हणजे तयारीचं वर्ष करायला लावतात, ते प्रत्येकाच्या साइटवर जाऊन बघायचं, एजंटच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही. इंग्रजीची परीक्षा बहुतेक ठिकाणी द्यावी लागते. ज्युनियर कॉलेजच्या सरांकडून रेफरन्स, म्हणजे शिफारसपत्र लागतं, ते दिवाळीच्या सुट्टीआधी मागून ठेवा, नंतर प्रिलिम्सच्या गडबडीत सर सापडत नाहीत. काही ठिकाणी तुमच्या लेखनाचा नमुनाही मागतात, कविता किंवा गद्याची काही पानं.

पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहायचं ते, आता २०२६च्या प्रवेशापासून ३ प्रश्नांत विभागलंय, मिळून ४००० कॅरेक्टर्स, स्पेससकट. हा विषय का, शाळा-कॉलेजात त्यासाठी काय शिकलात, आणि बाहेर काय केलंत. इथे शंभरातली नव्वद मुलं "मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे" असं लिहितात, म्हणजे जागा फुकट घालवली. त्याऐवजी वाचलेल्या एखाद्या कथेतली एकच गोष्ट घ्या, समजा आख्खी कथा भूतकाळात आहे आणि बस चुकते तेवढा एकच परिच्छेद वर्तमानकाळात, लेखकाने असं का केलं असेल त्यावर चार वाक्यं लिहा, बास. आणि कॉलेजात एकांकिका केली असेल, पुरुषोत्तम करंडकासाठी रात्र रात्र तालमी केल्या असतील, तर ते तिसऱ्या प्रश्नात नक्की टाका. रात्री दीड वाजता सीन कापावा लागलेला माणूस एडिटिंग शिकलेला असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं.

आता पैसे. बाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्यांना फी साधारण वर्षाला २० हजार पौंडांच्या वरच असते. पौंड ११० रुपये धरला तरी ३ वर्षांचे ६६ लाख, आणि ही नुसती फी, राहणं-खाणं वेगळं, वर व्हिसासोबत आरोग्याचा सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड. कर्ज काढून जाणार असाल तर घरच्यांसोबत बसून कागदावर हिशोब मांडा, "होईल काहीतरी" यावर जाऊ नका. आणि लिहिणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, जी मला तिथे गेल्यावर कळली. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी चालते, पण सेल्फ-एम्प्लॉयमेंट चालत नाही. म्हणजे कॅफेत कप धुवून पैसे मिळवले तर चालतं पण फ्रीलान्स लेख लिहून बिल पाठवलं तर तुम्ही गोत्यात! मला एका साइटने लेखासाठी विचारलं होतं, नशीब की हो म्हणायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाकला. डिग्रीनंतर तिथे राहून काम करण्यासाठी जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, त्यावर हे बंधन नसतं, पण तो व्हिसाही २०२७च्या जानेवारीपासून अर्ज करणाऱ्या बीएवाल्यांना २ वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार आहे, तेही हिशोबात धरा.

बरं, आता मुख्य मुद्दा, वर्कशॉप. बाकी सगळं इकडे तिकडे झालं तरी चालेल पण हे नीट जमलं नाही तर ते ६६ लाख पाण्यात.

वर्कशॉप म्हणजे बारा-पंधरा जण टेबलाभोवती बसतात. ज्याची पाळी असेल त्याने आपला ड्राफ्ट काही दिवस आधी अपलोड केलेला असतो, बाकीच्यांनी तो वाचून, पेन्सिलीने खुणा करून आणायचा, आणि वर्गात सगळे त्यावर बोलतात. लेखकाने बोलायचं नाही. अगदी एक शब्दही नाही. पुस्तक छापून आलं की वाचकाच्या खांद्यामागे उभं राहून "अहो तसं नाही, तिला म्हणायचं होतं की..." असं सांगायला तुम्ही थोडेच जाणार आहात, म्हणून आत्ताही नाही. या नियमावर टीकाही होते आणि काही ट्यूटर आता लेखकाला आधी प्रश्न विचारू देतात. तसं असेल तर "कशी वाटली?" विचारू नका, त्याचं उत्तर "छान" येतं. "तिसऱ्या पानावर कोण बोलतंय ते कळलं का?" असं विचारा.

माझी पहिली वर्कशॉप सांगते. कथा होती सांगलीतल्या एका घरातली, गौरी जेवायच्या दिवशी स्वयंपाकघरात तीन बायका: एक नणंद, एक मोठी जाऊ आणि एक माहेरून आलेली वहिनी. इंग्रजीत या तिघींना काय म्हणणार? सिस्टर-इन-लॉ. तिन्हींना सिस्टर-इन-लॉच. मी बिनधास्त तसंच लिहिलं होतं. वर्गाने पंधरा मिनिटं फक्त एवढ्यावर घालवली की कोण कुणाची कोण, एका मुलाने तर फळ्यावर नात्यांचं झाड काढलं आणि त्यात माझ्या नायिकेचं लग्न तिच्या सख्ख्या भावाशी लावून दिलं. मी गप्प. कानशिलं तापलेली. मनात म्हटलं, यांना अक्कल नाही, आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं हे.

रूमवर जाऊन आधी तळटीप टाकली, मग सुरुवातीला एक परिच्छेद घातला नातं समजावणारा, दोन्ही भयंकर. चार-पाच दिवस तसंच पडू दिलं. मग कधीतरी भात लावताना लक्षात आलं की नात्याचं नाव सांगायची गरजच नाहीये, कोण काय करतंय त्यावरून कळलं पाहिजे. मग लिहिलं: नणंद येते आणि न विचारता पातेल्यावरचं झाकण उचलून वाकून बघते. जाऊ हात न थांबवता, वर न बघता "मीठ घातलंयस?" विचारते. आणि वहिनी दारातच उभी राहते, कुणी आत ये म्हणेपर्यंत. बस्स. पुढच्या वेळी एकानेही झाड काढलं नाही. एक मुलगी म्हणाली, ती झाकण उचलणारी मला आवडत नाही, पण घर तिचंच आहे हे कळतं. गंमत म्हणजे ही कथा नंतर मी मराठीत लिहिली तेव्हा नणंद, जाऊ हे शब्द हाताशी असूनही ते झाकण तसंच ठेवलं.

यातून जे समजलं ते सांगते. वाचक कुठे अडखळला हे तो नेहमी बरोबर सांगतो, पण दुरुस्ती कशी करायची ते तो सांगतो ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. त्यामुळे वहीत दोन रकाने करा, डावीकडे "कुठे अडकले" आणि उजवीकडे "काय करायला सांगितलं". रूमवर आल्यावर डावा रकाना नीट वाचा, उजव्याकडे नुसती नजर टाका. मला एका ट्यूटरने शेरा दिला होता की कथेत पावसाळा अजून थोडा आणता आला तर बघ. कथा मार्चमधली होती! उजवा रकाना. पण त्याच सरांनी त्याच पानावर "इथे मला कंटाळा आला" असं लिहिलं होतं आणि ते खरं होतं, तिथे मी स्वतःच कंटाळून लिहिलं होतं. आणि घरी गेल्या गेल्या ड्राफ्ट उघडू नका, तीन-चार दिवस जाऊ द्या, राग उतरू द्या.

दुसऱ्याच्या ड्राफ्टवर बोलणं हे त्याहून अवघड, आपल्याकडच्या मुलांना तर फारच. आपल्याला दोनच गोष्टी येतात, "मस्त लिहिलंयस गं" किंवा एकदम सालटी काढणं. तिथे दोन्ही चालत नाही. आधी सांगायचं की मी हे काय म्हणून वाचलं, म्हणजे "मला ही दोन भावांच्या भांडणाची गोष्ट वाटली", आणि नुसतं एवढं ऐकूनच लेखकाचा चेहरा पडतो कधी कधी, कारण त्याने आईची गोष्ट लिहिलेली असते. मग मी गोष्टीतून नेमकी कुठे बाहेर फेकले गेले ते ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. आवडलं नाही असं म्हणायची गरजच पडत नाही.

मार्कांचं एक सांगितलंच पाहिजे. तिकडे ७० म्हणजे फर्स्ट क्लास, ६० ते ६९ म्हणजे टू-वन, म्हणजे वरचा सेकंड क्लास, आणि तोही चांगलाच मानतात. पहिल्या टर्मला मला ६८ मिळाले, मी नाचत घरी फोन केला, तर बाबा दोन सेकंद गप्प आणि मग "असू दे, पुढच्या वेळी जोर लाव". त्यामुळे घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे मार्क फायनल क्लासमध्ये धरत नाहीत, फक्त पास व्हायचं असतं, म्हणून पहिल्या वर्षी जे येत नाही तेच घ्या. कविता येत नसेल तर कविता, स्क्रिप्ट येत नसेल तर स्क्रिप्ट. मी जे येतं तेच घेत बसले, चूक केली.

परीक्षा म्हणजे शक्यतो पोर्टफोलिओ आणि त्यासोबत एक क्रिटिकल कॉमेंटरी, स्वतःच्याच लेखनावर. या कॉमेंटरीत मार्क जातात लोकांचे. प्रेरणा कशी मिळाली, आजीची आठवण कशी आली, हे त्यांना नको असतं. तुम्ही कुठले निर्णय घेतले, का घेतले, आधी काय होतं आणि मग काय झालं, ते पुराव्यासकट हवं असतं. म्हणून प्रत्येक ड्राफ्ट तारीख टाकून वेगळा सेव्ह करा, "फायनल", "फायनल खरंच", "फायनल २" असल्या नावांनी नको. माझी झाकणवाली कॉमेंटरी लिहायला सोपी गेली, कारण ती तळटीपवाली भयंकर आवृत्ती मी ठेवून दिली होती.

मराठी सोडू नका, हे कळकळीने सांगते. आपल्याकडे दोन्ही भाषांत लिहिणारे अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे होऊन गेलेत, आणि चित्र्यांनी तुकारामही इंग्रजीत नेला. (चित्रे सत्तरच्या दशकात आयोवाला गेले होते तो तिथला इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम, डिग्री नव्हे, आधीच नाव असलेल्या लेखकांसाठी असतो तो, लोक नेहमी घोळ करतात.) अनुवादाचं मॉड्यूल, म्हणजे पेपर, दिसलं तर डोळे मिटून घ्या. वर्गात बहुतेकांना एकच भाषा येत असते, तिथे तुमच्याकडे मराठी, हिंदी आणि इंग्रजी. आणि २०२५चं इंटरनॅशनल बुकर बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला मिळालं, त्यातले ५० हजार पौंड त्यांच्यात आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मे निम्मे वाटले गेले, हे आईला सांगायला बरं पडतं.

जाणं शक्य नसेल तरी काही अडत नाही. सोनीपतच्या अशोका युनिव्हर्सिटीत इंग्लिश आणि क्रिएटिव्ह रायटिंग असं जोडून करता येतं, पण तीही स्वस्त नाही. इग्नूचा इंग्रजी क्रिएटिव्ह रायटिंगचा डिप्लोमा आहे, घरी बसून. नाहीतर आपल्याच गावात मराठी किंवा इंग्रजीचं बीए करा आणि वर्कशॉप स्वतः भरवा. पाच जण हवेत, जास्त नको, पंधरा दिवसांतून एक रविवार, एकाचा ड्राफ्ट, चार दिवस आधी सगळ्यांना प्रिंट काढून, आणि लेखक गप्प. व्हॉट्सॲप ग्रुपवर करू नका, तिथे अंगठे आणि फुलं येतात फक्त. दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन बैठका झाल्या तर एक कथा पाठवण्याजोगी होते.

आणि नोकरी. माझ्या वर्गातलं फक्त लिहून पोट भरणारं मला तरी कुणी माहीत नाही. कुणी प्रकाशनात आहे, कुणी शाळेत शिकवतं, कुणी जाहिराती लिहितं. मी पुण्यात एका कंपनीत ॲपमधली वाक्यं लिहिते, "पेमेंट झालं नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा" वगैरे, त्यातही कोण कुठे अडखळेल हेच बघायचं असतं. कथा सकाळी सहा ते आठ.

यंदा फोन केलेल्या मुलीला म्हटलं, बाकी सगळं राहू दे, आधी तुझी एक कथा पाठव, अर्धी असली तरी चालेल. कथा अजून आलेली नाही. आईचे मात्र दोन फोन येऊन गेले.