मुलांची पोटगी: उत्पन्न घटलं की आधी अर्ज करा

नोकरी गेली, पगार कमी झाला, तरी पोटगीची रक्कम आपोआप खाली येत नाही. कोर्टाचा जुना हुकूम बदलेपर्यंत तोच लागू असतो आणि दरमहा थकबाकी चढत राहते. अनेक देशांत कपात मिळाली तरी ती अर्जाच्या तारखेच्या मागे जात नाही, म्हणून "नवी नोकरी लागेपर्यंत थांबू" हा विचार महागात पडतो. अर्जासोबत नोकरी संपल्याचं पत्र, बँकेचे उतारे आणि नवीन काम शोधत असल्याचे पुरावे जोडा. स्वतःहून नोकरी सोडली असेल तर कोर्ट बऱ्याचदा तुमची कमावण्याची क्षमता पाहतं, हातात येणारा पगार नाही.

दोघांत तोंडी ठरलं, "सध्या अर्धेच दे", तरी ते कोर्टाकडून मंजूर करून घ्या. संबंध बिघडले की असली तोंडी कबुली कुणालाच आठवत नाही!

पैसे बँकेतूनच पाठवा, महिन्याचा उल्लेख करून. सायकल, कपडे, खेळणी सहसा पोटगीत धरली जात नाहीत. थकबाकी वसूल करायची असेल तर पगारातून थेट कपातीची मागणी हा बऱ्याचदा सर्वांत खात्रीचा मार्ग. पैसे थकले म्हणून मुलाची भेट मात्र अडवू नका. तो हक्क वेगळा आहे.