जुन्या चॅपलचं घर करायचं असेल तर

वेल्समध्ये बंद पडलेली चॅपल, म्हणजे ख्रिस्ती पंथांची छोटी प्रार्थनाघरं, गावोगावी दिसतात. एकोणिसाव्या शतकात बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, इंडिपेंडंट, प्रत्येक पंथाने आपापलं बांधलं, त्यामुळे पन्नास उंबऱ्यांच्या गावातसुद्धा दोन-तीन, १९०४-०५ च्या धार्मिक लाटेत ती खच्चून भरायची आणि आता रविवारी चार म्हातारी माणसं जमली तरी खूप, म्हणून मग विकायला निघतात. आम्ही असंच एक घेतलं, राहायला येऊन तीन वर्षं झाली. ओळखीतली अजून दोन मराठी घरं ह्याच वाटेला लागलीत, त्यांना फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी, बघायला जाल ते धो धो पावसात जा. ऊन असताना प्रत्येक चॅपल सुंदर दिसतं. छत्री घेऊन बाहेर अर्धा तास उभं राहा आणि पाणी कुठून कुठे जातंय ते बघा. आमच्याकडे मागच्या बाजूची बिडाची पन्हळ शेवाळाने तुंबलेली, पाणी पाइपातून न जाता थेट भिंतीवरून उतरत होतं, तिथे दगड हिरवागार, आणि आत नेमक्या त्याच जागी गिलाव्याला बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज. आत शिरल्यावर कुबट वास येतो तो येणारच, पण अळंबीसारखा वास आला तर लाकडी जमिनीखाली ड्राय रॉट, म्हणजे लाकूड कुजवणारी बुरशी, असू शकतो, फळी उचलून दाखवा म्हणायचं, भीड धरायची नाही. ओळंबा सोडून भिंत कुठे बाहेर झुकलीय का तेही बघा.

ह्या भिंती साठ-साठ सेंटीमीटर जाडीच्या, दगड आणि चुना. त्यात ओल येते आणि चुन्यातून बाहेर निघून जाते, अशीच ती भिंत दीडशे वर्षं टिकलीय. मग मधे कधीतरी कुणीतरी सिमेंटने दगडांमधल्या दर्जा भरतं, आतून सिमेंटचा गिलावा मारतं, वर प्लास्टिक पेंट, आणि ओल आतच कोंडते. साताऱ्याकडच्या आमच्या वाड्याला काकांनी हेच केलं होतं, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले आणि भिंतीतली तुळईची टोकं कुजली, त्यामुळे इथल्या बिल्डरने वॉटरप्रूफ केमिकलचं कोटेशन दिलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. तुम्हीपण नाही म्हणा. जुन्या दगडी बांधकामाचा अनुभव असलेला सर्व्हेअर, म्हणजे इमारत तपासून देणारा, शोधा, नेहमीच्या घरांचा नको, तो ओलीचं मशीन भिंतीला लावतो आणि केमिकलच सुचवतो.

आता कागद. प्रार्थनास्थळाचं राहतं घर करायला कौन्सिलची प्लॅनिंग परमिशन लागते, आणि इमारत लिस्टेड, म्हणजे सरकारच्या वारसा यादीत, असेल तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट वेगळा. प्रार्थना चालू असेपर्यंत काही पंथांना त्यातून सूट असते, ती वापर बंद झाला की संपते, त्यामुळे आधीच्या लोकांनी न विचारता काही बदललं असेल म्हणून आपल्याला चालेल असं नाही. विकत घ्यायच्या आधीच कौन्सिलकडे फी भरून प्री-ॲप्लिकेशन सल्ला घ्या. लिलावात घेत असाल तर हातोडा पडला की साधारण १० टक्के तिथेच आणि बाकी बहुतेक वेळा २८ दिवसांत, तेव्हा चौकशीला वेळ उरत नाही, सगळं आधी. वकिलाला दोन गोष्टी खोदून विचारायला लावा, विक्रीच्या कागदात काय काय अटी घातल्यात (दारू विकायची नाही वगैरे असतात, पण रस्त्याच्या, दुरुस्तीच्याही असतात) आणि आवारात कबरी आहेत का.

कबरींबद्दल जरा सविस्तर सांगते. आमच्या चॅपलमागे कबरी आहेत, ती जमीन विक्रीत आली नाही पण तिथे जायची वाट आमच्या आवारातून आहे आणि नातेवाइकांना येण्याजाण्याचा हक्क आहे. बंद दफनभूमीवर बांधकाम करायला १८८४ च्या कायद्याने बंदी आहे, काही अपवाद सोडले तर, आणि खोदताना अवशेष निघाले तर परवान्याशिवाय हलवता येत नाहीत. ह्याला घर घेण्यातला अडथळा समजू नका. त्या माणसांच्या शेजारी आपण राहायला आलोय, फाटकाला कुलूप लावायचं नाही आणि वाटेवरचं गवत कापून ठेवायचं, एवढं तर आपल्याकडून व्हायलाच पाहिजे.

ह्याचाच दुसरा भाग म्हणजे सांडपाणी. कित्येक चॅपलना संडासच नव्हता, गटारलाइन लांबच. सेप्टिक टँक किंवा छोटा ट्रीटमेंट प्लांट लागतो आणि पाणी मुरवायला जागा लागते, ती कबरींपासून लांब, स्वतःच्या जमिनीत. जागाच नसेल तर ते चॅपल सोडून द्या, कितीही आवडलं तरी.

वटवाघळं. इथे सगळ्या जातींना १९८१ च्या कायद्याने संरक्षण आहे, त्यांच्या जागेला धक्का लावणं गुन्हा आहे. संध्याकाळी बाहेर पडतात ती मोजायचा सर्व्हे मे ते सप्टेंबरमध्येच होतो. आम्ही सर्व्हे करणाऱ्याला ऑक्टोबरमध्ये फोन केला आणि मे महिन्यापर्यंत छपराला हात लावता आला नाही, अख्खा हिवाळा ताडपत्रीखाली गेला. सौदा पक्का होताच पहिला फोन हाच करा.

पैशांचं थोडक्यात. नेहमीची बँक असल्या इमारतीला सहसा कर्ज देत नाही, टप्प्याटप्प्याने पैसे देणारं सेल्फ-बिल्ड कर्ज बघा. राहतं घर नसलेल्या इमारतीचं घर करताना ठेकेदाराच्या कामावर २० ऐवजी ५ टक्के व्हॅट लागतो, हे कोटेशन घेतानाच सांगा, सगळ्यांना माहीत नसतं. स्वतः आणलेल्या सामानावरचा व्हॅट काम पूर्ण झाल्यावर ६ महिन्यांच्या आत परत मागता येतो, त्यासाठी प्रत्येक पावती जपायची, खिळ्यांची सुद्धा. आर्किटेक्टच्या फीवरचा मिळत नाही. आणि बजेटच्या वर पाचवा हिस्सा बाजूला ठेवाच, आमचा सगळा लागला.

कामाचा क्रम छप्पर, पन्हळी, भिंती, जमीन, मग बाकीचं. किचन कुठलं घ्यायचं हा विचार दोन वर्षं डोक्यातून काढून टाका. छपरात बहुतेकदा स्लेट (पातळ दगडी कौलं) चांगली असते, खिळे गंजलेले असतात म्हणून ती घसरते. आमचा छपराचा कारागीर एकेक स्लेट हातात धरून मधल्या बोटाच्या पेराने वाजवायचा, आपण बाजारात मडकं वाजवून घेतो तसं, ठण्ण वाजली तर ठेवायची, बद्द वाजली तर बाजूला. निम्म्याहून जास्त परत वर चढल्या, नव्या रिपांवर, तांब्याच्या खिळ्यांनी.

चुन्याचं काम थंडीत करू नका, ५ डिग्रीच्या खाली चुना धरत नाही, आणि ओल्या गोणपाटाने झाकून हळूहळू वाळवा. जुनं सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढायचं, मशीन लावलं की दगडाच्या कडा जातात. भिंत उघडी झाल्यावर वाळायला बराच वेळ लागतो, आम्ही पूर्ण उन्हाळा नुसत्या खिडक्या उघड्या ठेवल्या.

पोटमाळा सगळ्यांनाच हवा असतो कारण उंची भरपूर. दोन गोष्टी सांभाळा. छपराच्या कैचीची खालची आडवी तुळई मधे येते म्हणून कापायला सांगणारे भेटतील, ती कापली की भिंती बाहेर फाकतात, स्ट्रक्चरल इंजिनियरशिवाय तिला हात नाही. आणि उंच खिडकीच्या मधोमध माळा आणू नका. आमचा माळा भिंतींपासून सुटा, स्वतःच्या खांबांवर उभा आहे, खिडकीपासून दीड हात मागे, त्यामुळे उजेड वरून खालपर्यंत उतरतो.

बाक काढायच्या आधी फोटो काढा, मापं घ्या, आणि जुन्या वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या वेल्सच्या रॉयल कमिशनच्या ऑनलाइन नोंदीत, कोव्लाइनवर (Coflein), तुमच्या चॅपलचं काय आहे ते बघा. गावात आधी विचारा कुणाला काही हवंय का. आम्ही एक रविवार दार उघडं ठेवलं, चहा केला. एक आजी काठी टेकत आल्या, व्यासपीठासमोर डीकन लोकांची, म्हणजे चॅपलचा कारभार बघणाऱ्यांची, बसायची जागा असते, सेट वाऊर म्हणतात तिला, त्याच्या डाव्या कोपऱ्यावरून त्यांनी हात फिरवला, वडील तिथे बसायचे म्हणाल्या. लाकूड तिथे खरंच गुळगुळीत झालंय. सेट वाऊर आम्ही हलवला नाही, मधे टेबल टाकलं, तिथेच जेवतो. पहिल्या महायुद्धात गेलेल्या मुलांच्या नावांची पाटीसुद्धा होती तिथेच आहे. उरलेले बाक पिच पाइनचे, त्यांच्या फळ्यांची जिन्याची पायरी आणि पुस्तकांची कपाटं झाली.

राहायला आल्यावरचं एक काम मात्र दरवर्षीचं. पानगळ संपली की नोव्हेंबरच्या शेवटी शिडी लावून पन्हळी साफ करायच्या, हाताने, कोपरे आणि पाइपाचं तोंड सुद्धा, आणि वरून बादलीभर पाणी ओतून ते खाली नीट पडतंय ना ते बघायचं.